खाडीची शांतता

१

बाबा गेल्याच्या चौदाव्या दिवशी कुरिअरवाला त्यांच्या नावाचं पार्सल घेऊन आला आणि सही त्यांचीच पाहिजे म्हणून दारात अडून बसला. मी त्याला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दाखवला.

"मग ओटीपी तरी सांगा," तो म्हणाला.

ओटीपी बाबांच्या फोनवर आला. तो मी अजून बंद केला नव्हता.

पार्सलात एक काळी डबी निघाली. कॉम्प्युटरमधून काढलेली हार्ड डिस्क तिच्यात बसवायची आणि वायरने जोडून वाचायची.

बाबांचं नाव जनू ठाकूर. डोलवीच्या बाजूला कंपनीत एकतीस वर्षं मीटर दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर पेणला, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, दहा बाय बाराच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. भिंतींना गाद्या, एक माइक, एक कॉम्प्युटर. आई, सीता, मी दहावीत असताना गेली. तेव्हापासून त्यांना बोलायला माणूस कमी होतं. त्या खोलीत त्यांनी तीन वर्षं खपून खाडीकाठच्या गडब गावच्या ठमाबाईंचे एकेचाळीस धवले रेकॉर्ड केले. धवले म्हणजे आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत म्हणायची गाणी. पूर्वी ती म्हणणाऱ्या धवलारणीशिवाय लग्न लागत नसे. आता डीजे असतो. ठमाबाईंइतके धवले पाठ असलेली दुसरी बाई या पट्ट्यात उरलेली नाही, आणि गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचाही गाण्याचा आवाज गेला. म्हणजे जे काही होतं, ते बाबांच्या हार्ड डिस्कवर होतं.

ती डिस्क जुनी झाली होती. टकटक करायची, आणि खोली एवढीशी असल्याने ती टकटक माइकमध्ये शिरायची. म्हणून जानेवारीत बाबांनी रोह्याच्या दुकानातून कॉम्प्युटरला एसएसडी जातीची नवी डिस्क बसवून घेतली. तिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून आवाजही नसतो. विंडोज आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नव्या डिस्कवर गेलं. धवले जुनीवरच राहिले, कारण नवी लहान होती. जुनी काढून खोक्यात घालून परत आली. 'डबी आली की दोन कॉप्या करणे', असं बाबांच्या वहीत होतं. डबी यायच्या आधीच, कॉम्प्युटर आल्याच्या नवव्या दिवशी, ते गेले.

कॉम्प्युटर आला त्या संध्याकाळी त्यांनी मला पुण्याला फोन केला होता. "खोली अगदी गप्प झाली बघ," म्हणाले. मी पुस्तकांची प्रुफं तपासण्याचं काम करते. तेव्हाही तेच करत होते. "बरं, नंतर बोलू," मी म्हणाले.

जुन्या डिस्कचं खोकं बाबांनी उघडलंच नव्हतं; मी ते उघडलं आणि डिस्क डबीत बसवली. ती एकदा घरघरली आणि थांबली.

त्या वेळी घरात तिघे भेटायला आलेले होते. पहिला विशाल, माझा चुलतभाऊ, कंपनीत कंत्राटावर. याला स्टुडिओचा गाळा हवा होता. दुसरा हर्षद, बाबांच्या गाण्यांना कीबोर्ड वाजवणारा. तिसरे डॉ. निकेश समेळ, रोह्याकडच्या एका कॉलेजात लोकसाहित्य शिकवणारे. त्यांनी साप्ताहिकात बाबांवर लेख लिहिला होता आणि त्याची पाच कात्रणं मला आणून दिली होती. शेवटची ओळ होती: 'त्यांच्या पश्चात एक कन्या आहे.' कन्येला नाव असतं, हे त्यांना सुचलं नसावं.

"जुनी होती, गेली," विशाल म्हणाला.

"वय झालं होतं तिचं," हर्षद म्हणाला.

"एक दस्तऐवज गेला," समेळ म्हणाले आणि चिवड्यातला शेंगदाणा वेचला. "पण वय कुणाला चुकलंय?"

बाबांबद्दलही या तिघांनी हेच म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. मला तेव्हाही पटलं नव्हतं.

ते गेल्यावर मी डिस्क खिडकीशी नेली. बाबांना वस्तू हरवायची भीती होती. शेजारच्या कारखान्यातून गणपतीच्या पीतांबराचा पिवळा रंग आणून ते प्रत्येक वस्तूवर एक ठिपका द्यायचे. केबल, कात्री, चष्म्याचं घर. दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेट उघडून त्यांनी या डिस्कलाही ठिपका दिला होता आणि मला फोटो पाठवला होता. मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवला होता. फोटो अजून फोनमध्ये होता, आणि खाली माझा अंगठाही.

हातातल्या डिस्कवर ठिपका नव्हता. कंपनी तीच, आकार तोच. ठिपक्याच्या जागी कसलं तरी स्टिकर खरवडून काढल्याचा चिकट चौकोन होता.

मेली होती ती दुसरीच कुणाची तरी डिस्क.

२

विशाल पहिल्या शिफ्टवरून आला तेव्हा मी त्याच्या ओटीवरच बसले होते. त्याची बायको दिपिका पाणी देऊन आत गेली आणि दाराआडच थांबली.

"रोह्याहून कॉम्प्युटर कुणी आणला?"

"मीच ना. काकांना कोण होतं दुसरं?" हा टोमणा मला होता. "शनिवारी दुपारी दुकानातून उचलला, गाडीत टाकला, तडक पेण."

"मधे कुठे थांबलास?"

"नागोठण्याला वडापाव खाल्ला. ते पण सांगू, किती खाल्ले?"

"खोकं कुठे होतं?"

"पुढच्या सीटवर. पट्टा लावून आणलं, काकांनी सांगितलं होतं. बाळंतिणीसारखं." तो हसला. मग सुरात फरक करून म्हणाला, "ताई, गाळ्याचं काय ठरवलंस? तू काय पुण्याहून येऊन गाणी वाजवणार नायस."

बाबांच्या वहीत होतं: 'शनि. सायं. ५. कॉम्प्युटर आला. खोली गप्प.' वेळ जुळत होती. मला विशाल आवडत नाही, पण एखादा माणूस आवडत नाही हा पुरावा नसतो. असता तर माझं काम सोपं झालं असतं.

हर्षदकडे मी आधी त्याचं यूट्यूब चॅनेल पाहून गेले. त्यावर 'धवला बीट मिक्स' नावाचा व्हिडिओ होता. निळे दिवे, गॉगल, आणि ढोलाच्या दणक्याखाली, स्वच्छ ओळखू येणारा, ठमाबाईंचा आवाज.

"हा कुठून आणलास?" मी फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"तुम्हाला वाटतं चोरला?" त्याला राग आला नाही, गंमत वाटली. "बहिणीच्या लग्नात मोबाइलवर घेतला. थांबा." त्याने नुसता मूळ आवाज लावला. मागे जनरेटर धडधडत होता, कुणीतरी "बर्फ आणा रे" ओरडत होतं, आणि ठमाबाई त्या सगळ्यावर मात करून नवरीचं नाव घेत होत्या: प्रतिक्षा. "माझीच बहीण. नाव ऐकलं ना? हा पुरावा."

मी मान्य केलं.

"आणि काकांचं रेकॉर्डिंग कशाला चोरू, ताई? प्रत्येक ट्रॅकला सुरुवातीची तीस सेकंद रिकामी. ठमाबाईंना बसवायचे, बोट वर करायचे आणि नुसती खोली रेकॉर्ड करायचे. का, तर 'आवाज कशावर उभा आहे ते कळलं पाहिजे.' मी म्हणायचो, काका, कट करा हो. आणि त्या रिकाम्या जागेत काय? डिस्कची टकटक." त्याने कीबोर्डच्या कडेवर बोटांनी वाजवून दाखवलं. दोन जवळजवळ, मग थांबा, मग एक. "मला तर लूपसारखी पाठ झालीय. असला माल टकटकीसकट कोण चोरणार? फारच अडाणी माणूस पाहिजे."

हर्षद त्या दिवशी एवढं एकच वाक्य विचार न करता बोलला, आणि तेच बरोबर निघालं.

३

रोह्यातलं दुकान नथानियल रोहेकरांचं. पूर्वी तिथे त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीवर अजून सात घड्याळं आहेत आणि सातही बरोबर चालतात. रोह्यात त्यांच्या यहुदी समाजाची आता दोन घरं उरली आहेत. बाकीचे इस्राएलला गेले. हे राहिले, का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी डिस्क काउंटरवर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ही मी दिलेली नाय. काकांच्या डिस्कला हळद लावलेली होती. मी म्हटलं पण, काका, लग्न लावताय काय तिचं?"

"मग ही कुणाची?"

त्यांनी चिकट चौकोनावर अंगठा फिरवला. "हे डेड स्टॉकचं स्टिकर होतं. नंबर घालून चिकटवतात, भंगारात काढताना खरवडतात. पंचायत, बँक, कॉलेज, कंपनी, सगळीकडे तेच." त्यांनी वास घेतला, जसं काही कार्यालयांना वेगवेगळा वास असतो. "घरातली नाय, एवढं नक्की."

कंपनी. मला विशाल आठवला आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"काकांना मी बॅकअपचं बोललो होतो," नथानियल म्हणाले. "म्हणाले, डबी मागवलीय. आणि जुनी डिस्क आतच राहू दे म्हटलं, तर म्हणाले नाही, खोलीत टकटक नको. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला पायजे होतं."

मी या महिन्यात भेटलेल्या माणसांत स्वतःला दोष देणारा हा पहिलाच.

"विशाल शनिवारी दुपारी आला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी कुणी होतं का?"

"शनिवारी?"

"हो. त्याने दुकानातून उचलला ना?"

नथानियलनी माझ्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहिलं, जणू सातपैकी एखादं चुकलं असावं.

"ताई, शनिवारी माझं शटर बंद असतं. शुक्रवारी दिवेलागणीला बंद, ते रविवारी सकाळी उघडतं. वडिलांच्या वेळेपासून. अख्ख्या रोह्याला माहीत आहे."

विशाल पेणचा होता.

"तो शुक्रवारी पाच वाजता घेऊन गेला," नथानियल म्हणाले. "मी शटर ओढायच्या घाईत होतो, म्हणून पक्कं आठवतं."

शुक्रवारी पाचला रोहा. शनिवारी पाचला पेण. चाळीस किलोमीटरला चोवीस तास.

४

विशालची त्या दिवशी दुसरी शिफ्ट होती. तो रात्रीपर्यंत सुटणार नव्हता. परतताना मी गडबला उतरले. ठमाबाईंना सांगायचं राहिलं होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

त्या अंगणात सुकट निवडत होत्या. खांद्यावर नवीकोरी शाल. आवाज म्हणजे नुसती खरखर उरली होती, म्हणून त्यांनी मला अगदी जवळ ओढलं.

"सगले गेले?"

"हो."

त्यांनी एक जवळा बाजूला टाकला. "मंग बरा झाला, घसा आदी गेला. आता रडला तरी लोकांना ऐकू जायाचा नाय."

मीही थोडी सुकट पुढ्यात ओढली. त्यांनाच माझी कीव आली असावी.

"तुझ्या बापसाने लय तरास दिला हो. तीन वर्षं. म्हंतो, खोलीत बसून म्हना. मी म्हटला, नवरी कुठं हाय? म्हंतो, नवरी नाय. मी उठली. नवरीबिगर धवला म्हनाचा नाय. आदी नवरीचा नाव लागतो, मागून तिच्या आय-बापसाचा. त्याबिगर माझा तोंड उघडत नाय."

"मग?"

"मंग दिला त्याने नाव."

एखादं पुस्तकी नाव बनवून दिलं असणार, असं मी धरून चालले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुला बोलला नाय तो?"

"बोलायचे बरंच काही," मी म्हणाले. बोलायचे, मी ऐकायची नाही, हे पुढचं गिळलं. "आणि नवरदेव?"

"त्याची जागा रिकामी ठेवली. म्हंतो, गावला की घालू." त्या हसल्या, खोकल्या. "गावतो कुठं?"

विषय बदलावा म्हणून मी शालीला हात लावला. "ही कुणी दिली?"

"कॉलेजचा मास्तर. सत्कार केला माझा. नारल दिला, फोटो काढला, कागदावर सही घेतली."

"कसल्या कागदावर?"

"सत्काराचा असंल. मना वाचता येतो काय?"

"कधी आला होता?"

"तुझ्या बापसाचा बारावा झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिसा."

माझ्या हातात फोन थरथरला. डॉ. निकेश समेळ यांचं निमंत्रण होतं, हात जोडलेल्या तीन चित्रांसह. 'खाडीचा स्वर : दुर्मीळ धवल्यांचा पहिला संग्रह. संकलन व ध्वनिमुद्रण : डॉ. निकेश समेळ. रविवारी सकाळी अकरा वाजता, रोहा. जनूभाऊंच्या कन्येने अवश्य यावे.'

खाली नमुना म्हणून एक आवाजाची फाईल जोडलेली होती.

५

ती मी रस्त्यात ऐकली नाही. बाबांच्या खोलीत, त्यांचे हेडफोन लावून ऐकली.

'गडबच्या खाडीकाठची पहाट,' असं वर लिहिलं होतं. 'धवल्याआधीची ही तीस सेकंदांची आदिम शांतता आम्ही मुद्दाम राखली आहे.'

खाडीकाठी मी लहानाची मोठी झाले. तिथे पहाटे शांतता नसते. बगळे भांडतात, होडीचं इंजिन खोकतं, कुणाची तरी बादली आपटते. या शांततेत यातलं काही नव्हतं. होतं ते इतकंच: दोन ठोके जवळजवळ. थांबा. एक. पुन्हा दोन. थांबा. एक.

आणि त्या ठोक्यांच्या मागे कुणाचा तरी श्वास, नाकातून, बारीक शिटीसारखा. बाबांचं नाकाचं हाड वाकडं होतं. लहानपणी शेजारी झोपायचे तेव्हा या शिटीचा मला फार वैताग यायचा.

मी ती तीस सेकंद पुन्हा लावली. मग पुन्हा. किती वेळा ते सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशालला स्टुडिओत बोलावलं.

"रोहेकरांचं दुकान शनिवारी बंद असतं," मी म्हणाले.

त्याने एकदम गाळ्याच्या भिंतीच मोजायला घेतल्या.

"कॉम्प्युटर शुक्रवारी रात्री कुठे होता, विशाल?"

"निडीला," तो शेवटी म्हणाला. "समेळ सरांच्या घरी. सर म्हणाले, जनूभाऊंना न सांगता एक सॉफ्टवेअर टाकून देतो, त्यांना आनंद होईल. शुक्रवारी संध्याकाळी उतरवला, शनिवारी दुपारी उचलला. मी डिस्कला हात पण नाय लावला, आईशपथ."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात काय? ते बोलले, कॉलेजात क्लार्कची जागा निघतेय, दिपिकाचं बघू."

"झालं?"

"बघू बोलले ना."

चाळीस किलोमीटर गाडी हाकून याने तीन वर्षांचं काम एका 'बघू'साठी देऊन टाकलं होतं, आणि ते आपण दिलं हेही त्याला कळलेलं नव्हतं. रागवायला माणसात काहीतरी आकार लागतो. मी त्याला चहा दिला आणि रविवारी गाडी घेऊन यायला सांगितलं.

"कशाला?"

"ठमाबाईंना रोह्याला न्यायचंय. पट्टा लाव त्यांना. बाळंतिणीसारखं."

६

हॉलमध्ये साठेक माणसं होती. समई, प्राचार्य, नारळ, आणि प्रत्येक खुर्चीवर एका समोशाची पिशवी. समेळ बोलायला उभे राहिले. 'संवर्धन' हा शब्द त्यांनी नऊ वेळा वापरला, सवयीने मोजले. दहाव्या वेळेआधी त्यांनी मला पाहिलं.

"आपल्यात दिवंगत जनूभाऊंच्या कन्या उपस्थित आहेत. त्यांच्याकडचा ठेवा दुर्दैवाने नष्ट झाला. सुदैवाने मी ठमाआजींचे धवले दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात गडबला, एका लग्नघरी, स्वतः ध्वनिमुद्रित केले होते. आता ऐकूया, हळदीचा धवला. आधी खाडीची शांतता."

दिवे मंद केले. दोन ठोके. थांबा. एक. काहींनी डोळे मिटले होते. एक बाई मान डोलावत होती.

माझ्या शेजारून ठमाबाई, आता जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात, म्हणाल्या, "लगीनघरात एवढी शांतता? कोन मेला व्हता काय?"

पुढच्या दोन रांगा हसल्या. मी उठले.

"सर, या शांततेत जे वाजतंय ते काय आहे?"

"खाडीचं पाणी. होडीला आपटणारं."

"नथानियलभाऊ?"

मी मुद्दाम बोलावलेले नथानियल मागच्या खुर्चीतून उठले. "ती हार्ड डिस्क आहे, सर. मरायला टेकलेली. जानेवारीत मी स्वतः काढली काकांच्या कॉम्प्युटरमधून. दोन ठोके, एक ठोका. घड्याळजीचा मुलगा आहे मी, ठोका विसरत नाय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. समेळ गडबडले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. प्राध्यापकांना प्रश्नोत्तरांची सवय असते.

"अर्थातच हार्ड डिस्क! मी लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. पाणी असेल, डिस्क असेल, मी तंत्रज्ञ नाही. जुन्या डिस्का सगळ्या सारख्याच वाजतात."

"ठमाबाई म्हणतात, तुम्ही कधी रेकॉर्डिंग केलंच नाही."

ते हळुवारपणे हसले. "आजींचं ऑपरेशन झालंय. त्यांना आता आठवत नाही. माझ्याकडे त्यांची सही आहे." मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, "जनूभाऊ स्टुडिओत रेकॉर्ड करायचे. बंद खोलीत. आणि हा धवला प्रत्यक्ष लग्नातला आहे, याचा पुरावा त्यातच आहे. यात नवरीचं नाव येतं! स्टुडिओत नवरी कुठून येईल? ऐका."

त्यांनी पुढे सरकवलं. ठमाबाईंचा आवाज हॉलभर उभा राहिला, भक्कम, खारा, कुणाची परवानगी न मागणारा. माझ्या शेजारच्या ठमाबाईंनी डोळे मिटले. हळद कुटली गेली, हळद भिजली, आणि मग त्या आवाजाने नवरीला पाटावर बोलावलं.

ऋतुजा.

समेळांनी तिथेच बटण दाबलं. "ऐकलंत? ऋतुजा! ही मुलगी कोण, कुठे दिली, आम्ही पुष्कळ शोध घेतला. नवरदेवाचं नाव अस्पष्ट आहे. पण ही खरी मुलगी, खरं लग्न. आता बोला."

साठ माणसं वाट पाहत होती आणि मी खुर्चीची पाठ धरून उभी होते.

"पुढे चालू द्या," मी म्हणाले. माझाच आवाज ठमाबाईंसारखा झाला होता.

"त्याची काय गरज..."

"चालू द्या की, सर," प्राचार्य म्हणाले.

समेळांचं बोट घुटमळलं. त्या क्षणी मला कळलं की या माणसाने हे पूर्ण कधी ऐकलंच नाही. एकेचाळीस धवले चोरले आणि प्रत्येकाची पहिली काही मिनिटं ऐकून यादी केली. आधी नवरीचं नाव, मागून आय-बापसाचं. गडबची कोणतीही आठ वर्षांची मुलगी हे त्यांना सांगू शकली असती.

धवला पुढे चालू झाला. ऋतुजेची आई सीता हळद लावायला आली. ऋतुजेचा बाप जनू, ठाकुरांचा जनू, मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिला.

मी पर्समधून आधारकार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी ते चष्मा लावून मोठ्याने वाचलं: "ऋतुजा जनू ठाकूर."

"तुम्ही चार वेळा माझ्या घरी आलात, सर," मी म्हणाले. "चिवडा खाल्लात. नाव एकदा विचारायचं होतं."

७

डिस्क दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या शिपायाने आणून दिली. पाकिटात. सोबत पत्र होतं: 'केवळ संवर्धनाच्या हेतूने...' त्याच्या पुढे मी वाचलं नाही. पहिल्याच ओळीत तीन चुका होत्या. डिस्कवर पिवळा ठिपका होता. तो त्यांनी पुसला नव्हता. त्यांना तो घाण वाटला असेल.

डबीत ती फिरली. टकटक करत एकेचाळीसच्या एकेचाळीस फाईल दिल्या. नथानियलनी तीन कॉप्या केल्या आणि यादी वाचून दाखवत प्रत्येक दोनदा तपासली. एक ठमाबाईंच्या घरी ठेवली.

मी ठमाबाईंना म्हणाले, "माझं लग्न कोर्टात झालं होतं, आणि मोडलंही कोर्टातच. दोन्ही वेळा बाबांना नंतर कळवलं."

"मना म्हाईत हाय."

"मग नवरदेव नसताना एकेचाळीस धवले कसे म्हटलेत?"

"धवल्याला नवरा लागत नाय गो," त्या म्हणाल्या. "नवरी लागते. आन तिचा बापूस."

काल हर्षद आला. धवले लोकांसाठी खुले करायचे आहेत. आवाज साफ करायला त्याला बसवलंय, बीट टाकणार नाही या अटीवर. नवा कॉम्प्युटर काही सेकंदांत चालू झाला, काहीही न वाजता. खोली खरंच गप्प झाली आहे. इतकी की त्याच्या खुर्चीचं करकरणं मला सोसेना.

त्याने पहिली फाईल उघडली. पडद्यावर सुरुवातीला एक लांब, जवळजवळ सपाट रेघ होती.

"ही तीस सेकंद कट करतो, ताई. यात काही नाय."

"हात लावू नकोस," मी म्हणाले, आणि हेडफोन घेतले.